समोरच्या फ्लॅटमधले रायफलवाले

अगं ये, इथे जवळ बस. समोरच्या इंजिनिअरांना हसतेस होय गं? शोभतं का तुला! लोखंडी गेट लावलं की ते दहा-दहा वेळा हलवून बघतात, हे खरं. पण त्यांचं कामच तसलं. सैन्याच्या नव्या रायफली चिखलात लोळवायच्या, खाऱ्या पाण्यात बुडवायच्या आणि मग हजारो गोळ्या झाडून बघायचं, कुठे अडकतायत का.

मध्यंतरी एक रायफल एकदाच अडकली. त्यांचे साहेब म्हणाले, "एकदाच ना? ओके लाह, चालतंय, अहवालावर सही कर." या इंजिनिअरांनी नाही केली. बढती हुकली तरी सगळी चाचणी पहिल्यापासून लावली. मी म्हटलं, "अहो, एवढ्याशासाठी?" तर शांतपणे चहा ढवळत म्हणाले, "काकू, ते एकदाच कुणाच्या तरी पोराच्या वाट्याला येतं."

माझा लेक निनाद जानेवारीत एन.एस.ला जातोय ना, इथल्या सगळ्या पोरांसारखा सक्तीने दोन वर्षं सैन्यात! त्याच रायफली या पोरांच्या हातात येणार. काळजीने माझा डोळा लागत नव्हता, तो आता लागतो बाई. तो जायच्या आधी तू पुन्हा दोन दिवस राहायला ये हं. तुझ्या हौगांगहून आमचं चोआ चू कांग म्हणजे काही परदेश नाही, एकाच शहराची दोन टोकं!