पंप माझ्या पर्समध्ये होता

दोंडाईचाला मिरचीच्या पथारीवर आबांनी जन्मभर मिरची वाळवली, पोती भरली. आता माझ्या या बापाच्या छातीत नेमकं काय बिघडलंय, हे सांगणारा डॉक्टर धुळ्याला महिन्यातून दोनदाच येतो. गेल्या खेपेला आम्ही हात हलवत परत आलो. आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे माणूस लग्नाला निघाल्यासारखा निघतो. आबांनी इस्त्रीचे कपडे घातले, नवी टोपी काढली आणि चारचौघांत खोकला नको म्हणून दवाखान्याच्या दारातच दम्याचा पंप ओढला. झालं! पंप ओढल्यावर नळीत फुंकायची तपासणी खरी येत नाही म्हणे. पंधरा दिवसांनी या.

म्हणून या वेळी पंप मी माझ्या पर्समध्ये टाकला. आदल्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरला फोनही केला. "सकाळी पंप देऊ नका," ती म्हणाली. पुढे काहीतरी सांगत होती, पण "हो हो, कळलं" म्हणत मी फोन ठेवला. माझी खोडच ती. अर्धं ऐकायचं आणि घरभर हुकूम सोडायचे.

सोनगीरजवळ हायवेवर ट्रक आडवा पडलेला. बस जागची हलेना, पुढच्या गाड्यांचा धूर खिडकीतून आत. आबांचे खांदे वरखाली व्हायला लागले. त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"दे ना पोरी. जीव घाबरी राह्यना."

"आबा, जरा कळ काढा. आलंच धुळं."

त्यांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. पलीकडची बाई म्हणाली, "बाप शे ना तुना?"

"माझाच बाप आहे, तुम्ही तुमचं बघा!" मी खेकसले. पर्समध्ये पंप मुठीत धरून बसले होते मी. आत्ता दिला की पुन्हा पंधरा दिवस, आणि तेवढे दिवस आबा काढतील का, याची मला भीती वाटत होती. मी नाही दिला.

दवाखान्यात सिस्टरने आबांचे निळे ओठ पाहिले आणि धावत औषधाच्या वाफेचा मास्क आणला. "पंप कुठंय यांचा?"

मी पर्समधून काढला.

"अहो, दम लागला तर लगेच द्या, हेच सांगत होते ना मी! फोन का ठेवलात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपासणी त्या दिवशीही झालीच नाही. संध्याकाळपर्यंत आबा बरे झाले, पुढची तारीख घेऊन आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

"दम लागतोय का आबा?" मी घाईघाईने पंप काढला.

"नही. मनाजोडे राहू दे."

त्यांनी तो स्वतःजवळ, सदऱ्याच्या खिशात घातला आणि दोंडाईचा येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.