राण्यांच्या शेडमधला धूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी माझ्या गुडघ्याची हकीकत रोज सांगते.

खरं तर दोष एका पुस्तकावर ढकलता आला असता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत भरलेल्या एका जागतिक प्रदर्शनाची खरी कहाणी होती ती. एक माणूस जिवाचं रान करून प्रदर्शन उभारतोय, आणि त्याच शहरात दुसरा, देखणा, गोडबोल्या डॉक्टर, पाहुण्यांसाठी हॉटेल उघडून बसलाय. तरुण मुली बॅगा घेऊन आत जायच्या, बाहेर मात्र... उभारणाऱ्याची प्रकरणं मी सरळ वगळली. कमिट्या, बैठका, भांडणं — ते काय, इथल्या मराठी मंडळात पोटभर मिळतं. खुन्याची मात्र ओळ न् ओळ वाचली.

आणि इथं विलायतेत, आमच्या हाउन्सलोत, दोन गल्ल्या सोडून, राणे राहायचे. मालवणचे, विधुर, विमानतळावर बॅगा चढवून रिटायर झालेले. भारतातून कुणी नवखं पोर आलं की राणे स्वतः आणायला जाणार, घर मिळेपर्यंत वरच्या खोलीत ठेवून घेणार. फुकट! तुम्हीच सांगा, इतका चांगला माणूस असतो का कुठे? पुस्तक वाचेपर्यंत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

त्यात त्यांची बागेतली शेड. कायम कुलूप. शनिवारी दुपारी तिच्यातून धूर निघायचा, आणि वास — काय सांगू! जळकं, खारट, मेलेलं काहीतरी. नागपूरची केतकी त्यांच्याकडे उतरली होती, ती अचानक दिसेनाशी झाली. मी मैत्रिणीला, शुभाला म्हटलं, "मी काही म्हणत नाही हं. पण तू एकदा वास घेऊन बघ." शुभाही माझ्यासारखीच पुण्याची, अंड्यालाही न शिवलेली. तिनं वास घेतला आणि पांढरीफटक पडली.

पुढे काय, कर्णोपकर्णी झालं. नागपूरपर्यंत पोचलं. राण्यांकडे मुलं येईनाशी झाली.

नाताळात केतकी आली — लीड्सहून, तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती तिला. जिवंत, वर चांगली गुबगुबीत. म्हणाली, "काकू, राणेकाका शेडमध्ये सुके बोंबील भाजतात. मंडळातले लोक नाकं मुरडतात ना, म्हणून लपून. लीड्समध्ये इतके मिस केले मी!"

बोंबील. मी बोंबलाला खून समजले होते.

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? शुभाला एक फोन. पण मग लोकांनी विचारलं असतं — हे उठवलं कुणी? एकदा राणेच दारात आले, हातात कोकमांची पिशवी. "वहिनी, माझ्याबद्दल कायतरी पसरलंय. लोक तुमचं ऐकतात. जरा सांगाल?" मी म्हटलं, "सांगते हो." कोकमं ठेवून घेतली. सार फार सुरेख झालं. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

गेल्या महिन्यात माझा भाचा यायचा होता. आमच्याकडे लॉफ्टचं काम चाललेलं, घरभर धूळ. राण्यांना कुठूनसं कळलं. उत्साहानं म्हणाले, "मी जातो आणायला. खोली तयारच आहे, चादरसुद्धा घातलीय." या गावात त्याहून सुरक्षित खोली नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण तो तिथं राहिला असता तर शुभानं मलाच धरलं असतं — इतकं बोलून तूच पाठवलंस? म्हणून मी म्हटलं, "नको हो, हॉटेल बुक केलंय."

राणे काळजीनं म्हणाले, "वहिनी, हॉटेलवाला माणूस चांगला आहे ना? पोरगा नवीन आहे."

मी म्हटलं, "हो, मी सगळी चौकशी केलीय."