दुभाषीबाईंनी न बोललेलं वाक्य

दुसऱ्या मजल्यावरच्या दुभाषीबाई रागीट आहेत, हे सांगायला ज्योतिषी नको. दूधवाला त्यांची घंटा एकदाच वाजवतो आणि लगेच दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहतो. पण त्यांच्या रागानं एकदा दोन सरकारांना घाम फोडला होता, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

बाईंची थोरली बहीण सरहद्दीपलीकडे दिलेली. दिलेली कसली, आपल्या पायांनी गेली. दोघी बहिणी तिकडची भाषा शिकत होत्या. धाकटी परीक्षेत पहिली आली आणि थोरली शिकवणाऱ्या तिकडच्या मास्तरांच्या प्रेमात पडली. पुढे दोन्ही देशांचं फाटलं. वकिलाती बंद, सरहद्दीवरचे नाके बंद, फोनसुद्धा बंद. त्यातच वडील गेले. तिसऱ्या देशातल्या मावसभावाकडून थोरलीला निरोप धाडला, तरी ती आली नाही. नंतर मावसभाव तिचं काही सांगायला लागला की बाई फोन आपटायच्या. बहिणीचा फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला नाही, फक्त उलटा, भिंतीकडे तोंड करून टांगला. म्हणजे राग धरायला जागा राहिली.

आई मात्र अंथरुणातून रोज विचारायची, "थोरली निघाली का गं?"

"निघाली असेल बैलगाडीनं," असं म्हणून बाई स्वयंपाकघरात जायच्या आणि मग भांड्यांचा आवाज यायचा.

अशात दोन्ही सरकारांना समेटाची उबळ आली आणि बाईंना बोलावणं आलं. हॉटेलचा हॉल, लांबच लांब टेबल, मधोमध पाण्याच्या बाटल्या. रीत अशी की साहेबाचं बोलणं त्याच्याच दुभाष्यानं समोरच्यांच्या भाषेत सांगायचं, आणि दुभाष्यांनी पदरचा एक शब्दही बोलायचा नाही. इकडचे मुख्य साहेब दिवसभर बसले तरी त्यांच्या पँटची घडी मोडत नसे, म्हणून बाईंनी त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं होतं. आणि समोर, पलीकडच्या साहेबांच्या कानाशी दुभाषी म्हणून कोण? भावोजी, थोरलीचे तेच मास्तर. केस पांढरे झालेले, चेहरा मात्र तोच, गरीब गाईचा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन दिवस एकाच गोष्टीचा घोळ चालला. इस्त्रीसाहेब म्हणत आधी वकिलाती उघडू, पलीकडचे म्हणत आधी नातेवाइकांसाठी नाके उघडा. बाईंना नाकेच हवे होते, कारण आईचं आता काही खरं नव्हतं. पण तोंड भाड्यानं दिलेलं. इस्त्रीसाहेब "आम्हाला खेद वाटतो" असं पुटपुटत, आणि ते बाईंच्या तोंडून फेकलेल्या चपलेसारखं बाहेर पडे. भावोजीही कमी नव्हते. "आम्ही विचार करू" हे ते अशा सुरात सांगत, जणू दारातलं कुत्रं हाकलतायत.

तिसऱ्या सकाळी इस्त्रीसाहेब म्हणाले, "पलीकडून संपर्क तोडला गेला, याचं आम्हाला दुःख आहे."

बाईंनी ते सांगितलं आणि वर आपलं शेपूट जोडलं. "वडील गेले तेव्हासुद्धा कुणी फिरकलं नाही."

पलीकडचे साहेब चमकले. त्यांनी दोन शब्दांत काहीतरी विचारलं. भावोजींनी ते इकडच्या भाषेत आणलं. "साहेब विचारतात, कुणाचे वडील?"

"वडील कुठून आले यात?" इस्त्रीसाहेब बाईंकडे वळले.

साहेबांचे दोन शब्द केव्हाच संपले होते, पण भावोजींचं चालूच राहिलं. "ती आली होती. तुमच्या बाजूच्या नाक्यावर दिवसभर उभी होती. तिथल्या माणसानं वर फोन लावला, हिचा बाप गेलाय, एका दिवसापुरतं सोडू का म्हणून. वरचे साहेब म्हणाले, मेलेल्याला कसली घाई आहे. तेव्हा नाके कुणाच्या हाताखाली होते ते विचारा. शेजारीच बसलेत तुमच्या."

बाईंनी मान वळवली. इतकी वर्षं राग तापवत ठेवला, आणि तो चुकीच्या पत्त्यावर. इस्त्रीसाहेब बाटलीचं झाकण फिरवत होते. नाही म्हणाले नाहीत.

"त्यांना सांगा," ते झाकणाकडे बघत म्हणाले, "आमच्याकडून कुठल्याही नातेवाइकाची कधीही अडवणूक झालेली नाही."

"नाही सांगत."

"काय?"

"हे वाक्य माझ्या तोंडून जाणार नाही. दुसरं द्या."

"बाई, तुम्हाला बोलायला आणलंय, ठरवायला नाही."

"मग तुम्हीच बोला की. हातवारे करा."

"बाहेर व्हा."

समोरची बाटली त्या इस्त्रीवर रिकामी करावी, असं बाईंना फार वाटलं. पण आपण उठलो की बैठक उठली, बैठक उठली की नाके गेले, आणि आई तर वाट बघतेय. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"जात नाही. वाक्य द्या. खोटं असलं तरी चालेल, पण हे नको."

पलीकडचे साहेब भावोजींना कोपरानं ढोसत होते, काय चाललंय म्हणून. भावोजींनी घसा खाकरला. ते बघताच इस्त्रीसाहेब घाईघाईनं म्हणाले, "सांगा, नाक्यांचा विषय आधी घ्यायला आमची हरकत नाही." लाज वाटली म्हणून नव्हे, त्या मास्तराचं तोंड पुन्हा उघडू नये म्हणून.

बाईंनी ते वाक्य शब्दाशब्दावर वजन ठेवून सांगितलं, परत घेता येऊ नये असं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला गेला. वकिलातींचं घोंगडं अजून भिजतंय, कुणाचा झेंडा आधी चढवायचा यावर. नाके मात्र उघडले.

थोरली आली ती भर दुपारी. मागे दोन बॅगा उचलून भावोजी. बाईंनी दार उघडलं आणि दारातच हात आडवा लावला.

"आलीस? आत्ता आलीस?"

"आले होते तेव्हा तुझ्या साहेबांनी हाकललं."

"कळवायचं नाही?"

"कुणाला? मावसभावाच्या कानात फोन आपटायचं कोण? तू."

"मग लगेच गप्प बसलीस? एरवी कधी बसतेस का?"

आवाज चढले. खालचे वर आले, वरचे खाली आले, जिना भरला. भावोजी बॅगा धरून तसेच उभे. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, कित्येक महिन्यांत आला नव्हता एवढा ठणठणीत.

"अगं, तिला आत घे आणि मग भांडा. दारातलं मला निम्मं ऐकू येत नाही."