मागीलदारची पानं

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या तिठ्यावर आम्ही तासभर आधीच येऊन उभ्या होतो. आई, माझी धाकटी बहीण शैला आणि मी. १९९८ चा मे महिना. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. अविनाश, माझा नवरा, पुढे अमेरिकेला गेला होता आणि आता माझाही व्हिसा आला होता. मुंबईची बस येईपर्यंत आई पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिली, "पोचलीस की कळव हो."

शैला काहीच बोलली नाही. तिला पुण्याला जाऊन ग्रंथालयाचा कोर्स करायचा होता. पण बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आईजवळ कोणीतरी राहायला हवं होतं, आणि कोणी राहायचं ते माझ्या लग्नाने परस्पर ठरून गेलं होतं. बस आल्यावर माझी जड बॅग तिनेच वर चढवली. मी खिडकीतून हात हलवला. ती आपल्या लाल झालेल्या तळहाताकडे बघत उभी होती.

अविनाशचं काम कॉन्ट्रॅक्टचं. प्रोजेक्ट संपला की गाव बदलायचं. पहिल्या दोन वर्षांत आम्ही चार अपार्टमेंटं बदलली. शेवटी शेवटी मी खोकी अर्धीच उघडायला लागले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. तो ऑफिसला गेला की मी घरातल्या घरात फेऱ्या मारायची, सोफा या भिंतीचा त्या भिंतीला लावायची आणि दुपारी परत पहिल्या जागी आणायची. अखेर लायब्ररीत जाऊन बसायला लागले. तिथे वेबसाइट कशी बनवतात त्याचं एक पुस्तक मिळालं.

इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेवर मी एक साइट उभी केली. नाव दिलं ‘मागीलदार’. आमच्याकडे घरामागच्या आवाराला म्हणतात तसं. पांढरी पाटी आणि दुव्यांची एक यादी, बस. नाचणारी चित्रं नाहीत, किती जण आले ते मोजणारा आकडा नाही. मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड उमटत नसत. म्हणून मी कागदावर हाताने लिहायची आणि तो कागद स्कॅन करून चढवायची. विहिरीचं पान, फणसाचं पान, आई रातांबे फोडून आमसुलं वाळत घालते त्याचं पान. रोज सकाळी एखादं उघडायचं, एखादी ओळ वाढवायची, खोडायची. घर बदललं तरी त्या साइटचा पत्ता बदलत नव्हता. माझ्याकडे तेवढी एकच जागा अशी होती.

शैला तेव्हा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्लार्क होती. शनिवारी कामावरून येताना ती सायबर कॅफेत जाऊन माझी पानं बघायची. एकेक पान वरून खाली इंचाइंचाने उतरायचं, असं तिने कळवलं होतं. पुढे वर्षभर ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. मग एके दिवशी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली तिची ईमेल आली.

"ताई, तू लिहितेस त्या घरात मी राहत नाही. फणस दोन वर्षांपूर्वी तोडला, स्वैपाकघराच्या कौलांवर कलला होता. मागीलदारी वाळक्या पानांचा पातेरा साचलाय, झाडायला मला वेळ नसतो. तुझी आई रोज रातांबे फोडते. माझ्या आईला गुडघ्यांमुळे मागची पायरीसुद्धा उतरवत नाही. तुझी पानं छापून तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘वसूला कोणी सांगितलं नाही काय गो?’"

मला भयंकर राग आला. आधी शैलाचा, मग माझा. रविवारी मी फोन करायची, "सगळं ठीक ना?" विचारायची, त्या "ठीक" म्हणायच्या. त्यापलीकडे मी कधी काही विचारलंच नव्हतं. मी फणसाचं पान पुसून टाकलं. दिवसभर घरात जीव रमेना, म्हणून पुन्हा चढवलं. शेवटी तिला एवढंच लिहिलं, "तू सांग. मी तसंच लावते."

सहा आठवडे उत्तर नाही. मग जुन्या पत्त्यावरून फिरून आलेलं एक जाड पाकीट मिळालं. आत वहीचे फाडलेले कागद आणि शैलाचं तिरकं अक्षर. फणसाचा बुंधा कसा दिसतो, विहिरीवर पंप बसवल्यापासून रहाट कुठे पडून आहे, आई आता खिडकीत बसून मागीलदार कशी बघते. एकही शब्द न बदलता मी तिचं प्रत्येक पान माझ्या पानाशेजारी लावलं. पाकिटं येत राहिली. कधी चार ओळी, कधी नुसती तक्रार.

२००३ मध्ये पाकिटात एकच कागद आला. "कोर्सला नाव लागलंय. सहा महिने. आता तू ये."

अविनाश म्हणाला, "जा. मी शिकेन स्वैपाक करायला." मी आले. शैला पुण्याला गेली.

ते महिने सोपे गेले नाहीत. गॅस कुठे नोंदवायचा, आईला कुठली गोळी सकाळी द्यायची, पाणी किती वाजता येतं, सगळं मला शेजाऱ्यांना विचारावं लागे. मी चार दिवसांत पातेरा झाडून काढला आणि पाचव्या दिवशी माझी कंबर धरली. आई हसली. "शैला आठवड्यातनं एकदाच झाडते. का, ते कळलं ना आता?" तिच्या हाताला पोचावी म्हणून कपड्यांची दोरी मी पायरीपलीकडून दारालगत आणून बांधली. आई उंबऱ्यात खुर्ची टाकून कपडे वाळत घालायला लागली, गुणगुणायलासुद्धा लागली.

कोर्स संपवून शैला आली, ती हातपाय धुऊन थेट मागे गेली.

"दोरी कोणी हलवली?"

"मी. आईला पोचावी म्हणून."

"मला विचारायचंस. पावसाळ्यात पागोळ्या पडतात तिथे, ठाऊक आहे तुला?"

"तेव्हा परत हलवता येईल."

"कोण हलवणार? तू?"

आम्ही चांगला अर्धा तास भांडलो. चहा गार झाला. जे तिने हातखंब्यालाच बोलायला हवं होतं, ते सगळं त्या दोरीवरून बोलून झालं. आई मधेच म्हणाली, "माझे कपडे वाळतायत, तुम्ही भांडा." शैला आधी हसली.

लग्न झाल्यापासून या घरात मला ताजे मासे, चांगली चादर, पंख्याखालची जागा मिळायची. अंगावर असं कोणी आलं नव्हतं. पाहुण्यांशी दोरीवरून कोणी भांडत नाही.

आता शैला रत्नागिरीतल्याच एका शाळेत ग्रंथपाल आहे. मी परत तिकडे, सहाव्या घरात. जीव अजूनही स्वस्थ बसत नाही, आणि बसेल असं मला वाटतही नाही. जे गेले आणि जे राहिले, त्यांतलं कोणीच स्वस्थ नसतं, एवढं कळलंय. दोरीवरून भांडलो त्या दिवशी मात्र सायबर कॅफेत आम्ही दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसलो आणि एकाच कागदावर दोन अक्षरांत लिहिलेलं पान चढवलं:

"दोरी हलवली. शैला रागावली. दोरी पावसापर्यंत तिथेच राहील."