अश्विनला उठायचं होतं

अश्विन तांबे गेला त्याला आता दोन महिने होत आले. तो कर्तव्यनिष्ठेपायी गेला, असं अजून कोणी ना कोणी मला सांगतंच आहे. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, म्हणून तोंडावर मी काही बोलत नाही. इथे बोलते. तो कर्तव्यनिष्ठ होताच, त्यात वाद नाही. पण तो त्यापायी गेला नाही. त्याच्या जागी बसायला माणूस नव्हता म्हणून तो गेला, आणि माणूस का नव्हता ते ऐकलंत तर तुमचंही डोकं फिरेल.

मी सुचित्रा. मी आणि अश्विन एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे टॉवरमध्ये बसून विमानांना कधी उतरायचं, कधी उडायचं, कुठे थांबायचं ते सांगणारे. कुठल्या विमानतळावर ते लिहीत नाही. लिहिलं तर मलाच कागद येईल.

अश्विन कोपरखैरण्याचा, सिडकोच्या बैठ्या घरात वाढलेला. वडील सिताराम तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करून रिटायर झाले. आई रखमा यांनी खेड तालुक्यातलं गाव सोडलं, पण गावची बोली काही सोडली नाही. लहानपणी हा आकाशातली विमानं बघत बसायचा वगैरे काही नाही हं. तो गेल्यावर शोकसभेत एकाने तसंही ठोकून दिलं. अश्विन स्वतः सांगायचा, "जाहिरात निघाली, फॉर्म भरला, लागलो. बँकेची आधी निघाली असती तर आज तुझी एफडी मोडत बसलो असतो."

आम्ही अलाहाबादला ट्रेनिंगला एका बॅचमध्ये होतो. नंतर माझ्या बदल्या झाल्या आणि वर्षभरापूर्वी मी पुन्हा त्याच्या टॉवरमध्ये येऊन पडले. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासमोर डबा उघडला आणि म्हणाला, "सुकट आहे. भटाच्या पोरीला चालत नसेल तर बाजूला हो, चालत असेल तर लवकर हात घाल, संपते." मी हात घातला.

तो सगळ्यांना का आवडायचा, तर तो कोणाला लहान करत नसे. आमच्याकडे शिकाऊ पोरांना सगळ्यांदेखत झापायची जुनी पद्धत आहे. क्षिप्रा नावाची आमच्यातली सगळ्यात धाकटी मुलगी परीक्षा पास होऊन पहिल्यांदा विमानांशी एकटी बोलायला बसली, तेव्हा हा तिच्या मागे चण्याची पुडी घेऊन उभा. चणे खात उभा आहे म्हणजे त्याला काळजी नाही, असं तिला वाटावं म्हणून. ती उठल्यावर मी पाहिलं, पुडीतला एक चणा कमी झाला नव्हता.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पायलटला आपण सांगितलं, "रनवेच्या अलीकडे थांब," तर त्याने ते शब्द परत म्हणून दाखवायचे. याला रीडबॅक म्हणतात. तो चुकीचं म्हणाला, तर आपण लगेच "निगेटिव्ह" म्हणून त्याला तोडायचं आणि बरोबर काय ते पुन्हा सांगायचं. चुकीचं ऐकूनही आपण गप्प बसलो, तर चूक त्याची राहत नाही, आपली होते. हे आमच्या इतकं हाडीमाशी भिनलेलं असतं की घरीदारी तोंडातून निघतं. रखमाआई म्हणायच्या, "येताना कोथिंबीर आन रे," की हा म्हणणार, "येताना कोथिंबीर." त्या चिडायच्या, "मेल्या, बहिरी नाय मी!" हा म्हणायचा, "तू नाही गं, मी बहिरा आहे का ते तपासतोय."

दुसरा नियम खुर्चीचा. तुमच्या जागी बसायला आलेला माणूस सगळं समजून घेऊन "माझ्याकडे" म्हणेपर्यंत तुम्ही उठायचं नाही. हवेतल्या विमानांना थांबा म्हणून सांगता येत नाही. आणि ज्या खुर्चीची परीक्षा तुम्ही दिलेली नाही, तिच्यावर तुम्ही बसायचं नाही. अश्विनच्या खुर्चीची परीक्षा माझी या विमानतळावर अजून व्हायची होती. मी त्याच्या शेजारी बसून जमिनीवरची विमानं बघत होते. बस, एवढंच अंतर होतं आमच्यात.

तो गेला त्या दिवशी आमच्याकडे सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन होतं. हसू नका. दिल्लीहून पाहुणे येणार होते, सभागृह रिकामं दिसायला नको, म्हणून पाळीवरचे जास्तीचे सगळे कंट्रोलर खाली बोलावले होते. साड्या, ब्लेझर, छातीवर रिबिनी. आमच्या पाळीचा प्रमुखसुद्धा शपथ वाचायला खाली. ही माणसं जास्तीची नसतात हो. कोणाला चक्कर आली, कोणाच्या पोटात कळ आली, तर खुर्ची सोडवायला ठेवलेली असतात. त्यांना नेऊन खुर्च्या भरायला बसवलं. सुरक्षा सप्ताहासाठी!

सकाळची गर्दीची वेळ होती. अश्विन मध्येच मला म्हणाला, "सुचित्रा, मला बरं वाटत नाहीये. कोणाला तरी बोलव." कपाळावर घाम. आवाज मात्र तसाच, पायलटांना शंकासुद्धा आली नसेल. मी खाली फोन लावला. तो थेट आमच्या मोठ्या साहेबांच्या, सरदेसाईंच्या हातात गेला. म्हणाले, "दीपप्रज्वलन होऊ दे, लगेच पाठवतो." थोड्या वेळाने अश्विन पुन्हा म्हणाला. मी पुन्हा फोन केला. पाहुण्यांचं भाषण सुरू होतं, आणि भाषणाच्या मधून माणसं उठवणं बरं दिसत नाही, असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा त्याने मला सांगितलं नाही. माइकचं बटण सोडून नुसतं हवेत बोलल्यासारखा म्हणाला, "कोणीतरी घ्या रे माझ्याकडून. मला घरी जायचंय." मी फोनमध्ये ओरडले. साहेबांना नाही, शिपायाला. तो बिचारा सभागृहात घुसला आणि क्षिप्राला हाताला धरून घेऊन आला. ती नऊवारी सावरत, केसांतल्या गजऱ्यासकट धावत आली. अश्विनने तिला एकेक विमान नीट समजावून दिलं. ती "माझ्याकडे" म्हणाली. तो उठला, लिफ्टपर्यंत गेला, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पोरगा पंचेचाळिशीचासुद्धा नव्हता.

आम्हाला लगेच तंबी मिळाली, चौकशी होणार आहे, कोणी बाहेर बोलायचं नाही. मला वाटलं, घरच्यांना तरी खरं सांगितलं असेल. माझा मूर्खपणा. असल्या लोकांकडून काय अपेक्षा करायची असते, ते मला या वयात कळायला हवं होतं.

जलदान विधी, म्हणजे बौद्ध पद्धतीची शोकसभा, कोपरखैरण्याच्या एका हॉलमध्ये होता. मी जरा आधी गेले. अश्विनची बायको संघप्रिया आतल्या खोलीत एकटी बसली होती. पालिकेच्या शाळेत शिकवते, बोलायला एरवी फटकळ. पांढरी साडी, कोरडे डोळे. मी तिचा हात हातात घेतला, तर तिने तो काढून घेतला.

"सुचित्राताई, सगळे मला म्हणतायत, अभिमान वाटायला पाहिजे. मला नाही वाटत. मला त्याचा राग येतोय. ऊठ, घरी जा म्हणून सांगत होते, तर उठला नाही. त्या विमानातली माणसं कोण लागत होती त्याची? आमी कोण होतो मग?"

"ऊठ म्हणून कोणी सांगत होतं?"

"साहेबच. हॉस्पिटलात मला म्हणाले. खूप समजावलं म्हणे, पण ऐकेचना."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून वंदनेला चला म्हणून बोलावणं आलं आणि बायका तिला घेऊन गेल्या.

त्रिशरण, पंचशील झालं. मग आदरांजली. बौद्ध घरांत ही फार चांगली पद्धत आहे. ज्याला बोलायचंय त्याचं नाव पुकारतात, तो उठतो, गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलतो. गावच्या मंडळाचे बोलले, शेजारी बोलले, शाळेतला मित्र बोलला. मग सूत्रसंचालकाने पुकारलं, "अश्विनदादांचे वरिष्ठ, सरदेसाई साहेब."

साहेब एक फ्रेम घेऊन आले होते. सोनेरी किनार, आत मोठ्या अक्षरांत 'कर्तव्यवीर'. ती त्यांनी फोटोशेजारी ठेवली, माइक हातात घेतला आणि गहिवरले. गहिवरता येतं त्यांना, मुरलेले आहेत. म्हणाले, "मी स्वतः त्याला सांगितलं, अश्विन, ऊठ, तुझ्या जागी माणूस तयार आहे. पण हा वीर म्हणाला, सर, शेवटचं विमान उतरेपर्यंत मी ही खुर्ची सोडणार नाही."

हॉलमध्ये हुंदके फुटले. रखमाआईंनी पदर तोंडाला लावला. संघप्रियाने मान खाली घातली आणि ओठ असे घट्ट मिटले की मला ते बघवेना. माणसाला मारायचं ते मारायचं, वर त्याच्याच तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालायचं! माझं डोकं तापलं होतं, पण भरल्या दुखवट्यात कसं बोलायचं, या संकोचाने जीभ उचलत नव्हती.

आणि माझ्या शेजारून स्पष्ट, सपाट आवाज आला, "निगेटिव्ह."

क्षिप्रा. तिला बोलायचं नव्हतं हो. नोकरीत अजून कायमसुद्धा झालेली नाही ती. चुकीचं कानावर पडलं आणि तोंडून गेलं, खुर्चीवर बसल्यावर जातं तसं. स्वतःच्याच आवाजाने ती पांढरीफटक पडली. हॉलमधल्या कोणाला काही कळलं नाही. पण गंमत बघा, कळलं ते साहेबांना. पंचवीस वर्षं तेही टॉवरमध्येच बसलेले. 'निगेटिव्ह' ऐकलं की बोलणं थांबवायचं आणि बरोबर काय ते ऐकायचं, ही सवय हाडात मुरलेली. ते वाक्याच्या मध्येच थांबले. माइक हातात धरून, वाट बघत.

एवढी फट मला पुरली. मी उभी राहिले.

"साहेब, चुकीचं आहे. तुम्ही वर आलाच नाहीत. अश्विनने माणूस मागितला. मी दोनदा तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, दीपप्रज्वलन होऊ दे. मग म्हणालात, भाषण चालू आहे. त्याच्या जागी माणूस तयार नव्हता. माणसं खाली टाळ्या वाजवायला बसवली होती."

कुजबुज सुरू झाली. साहेब भानावर आले. म्हणाले, "मॅडम, ही जागा नाही. विषय चौकशीत आहे. आणि कुटुंबाच्या भावना..."

"कुटुंब हितंच बसलंय," सितारामबाबा म्हणाले. ते खुर्चीतून उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. "साहेब, मी कंपनीत तीन पाळ्या केल्या. रिलीव्हर आल्याबिगर आमी पन मशीन सोडत नव्हतो. पन रिलीव्हर यायचा. तुमचा का नाय आला?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मंडळाच्या अध्यक्षांना नमस्कार केला, "जय भीम" म्हणाले, तेही चुकीच्या सुरात, आणि चपला शोधायला लागले. कोणी अडवलं नाही. अडवून काय करणार? चौकशी अजून चालूच आहे. मला मेमो आलाय, क्षिप्राला समज मिळाली आहे आणि साहेबांची बढती झाली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

सभा संपली, माणसं पांगली. संघप्रियाने मला खुणेने जवळ बोलावलं. ती फ्रेम तिने उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"तो शेवटी काय म्हणाला? नेमकं. तुमच्या मनाचं घालू नका."

मी सांगितलं, "कोणीतरी घ्या रे माझ्याकडून, मला घरी जायचंय, असं म्हणाला."

"हॉस्पिटलात जायचंय म्हणाला असेल."

"नाही. घरीच म्हणाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बसल्या जागी तिचे खांदे हलायला लागले. रखमाआई धावत आल्या, तिचं डोकं पोटाशी धरून म्हणाल्या, "रड बाय, रड." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. मोठ्याने, गळा काढून, लेक जाई घाबरून दारात उभी राहिली तरी तिला भान नव्हतं. किती तरी वेळाने तिने तोंड पुसलं आणि माझं मनगट धरलं.

"ताई, लोक भेटून गेले की मी दार लावायचे आणि त्याच्या फोटोला शिव्या घालायचे. आमच्याकडे यायचं नव्हतं तर लग्न कशाला केलंस म्हणायचे. मेलेल्या नवऱ्याशी माझं भांडण लावून दिलं त्यांनी. आणि त्याला बिचाऱ्याला उत्तरसुद्धा देता येत नव्हतं."