निकालाचं एक अक्षर

माझ्या थोरल्या मावसभावाइतका कमी सामानात जगलेला माणूस आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. चार दिवसांच्या लग्नाला तो एक कंगवा आणि एक बनियन घेऊन निघायचा, आणि बनियन अंगातच असायचं. पेपर आला की हवी ती बातमी फाडून घ्यायचा आणि बाकीचा शेजाऱ्यांना देऊन टाकायचा. सिनेमाला मध्यंतरानंतर शिरायचा. त्याच्या मते आधीच्या भागात नुसत्या ओळखी करून देतात. एकदा निर्मलला मुलीसाठी लाकडी फळांची परडी आणायला गेला आणि एकटं सीताफळ घेऊन आला. वहिनी म्हणाल्या, "अवो, बाकीची फळं?" दादा म्हणाला, "तिनं सीताफळच मांगतलं होतं." पोरगी मात्र खूश होती.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं आदिलाबादच्या एकाच सरकारी कचेरीत होतो. मी टपाल घेणारा कारकून, दादा कम्प्युटरवर. आमचे दोघांचेही बाप तामसीकडच्या शेतांत मजुरीला जात, त्यामुळे पंख्याखाली बसून पगार मिळतो याचंच मला अप्रूप होतं. दादाला अप्रूप होतं टेलिफोनच्या तारेचं. तिच्यातून हैदराबादच्या यंत्रातली फाइल आमच्या यंत्रात यायची. पाऊण फाइल आली की हमखास लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात व्हायची. इंटरच्या, म्हणजे बारावीच्या निकालाची फाइल तर तीन-तीन दिवस येतच राहायची, आणि खेड्यांतले बाप व्हरांड्यात भाकरीचं गाठोडं सोडून बसून राहायचे.

दादाला ते बघवत नसे. "बुंदी पायजे दोन दाने, तं अख्खी परात काऊन उचलून आणून राह्यलो आपण?" तो मला विचारायचा, जणू परात मीच आणत होतो. त्याचं म्हणणं साधं होतं. फाइलमध्ये दर मुलामागे एक ओळ, सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या. नंबर कळला की त्याची ओळ कितव्या अक्षरापासून लागते ते गुणाकारानं निघतं. मग तिकडच्या यंत्राला सांगायचं, अमुक जागेपासून एवढी अक्षरं वाचून पाठव, बाकीची राहू दे. या एवढ्याशा निरोपाचा प्रोग्राम लिहायला त्याला आठ महिने लागले. त्यातला अर्धा भाग हैदराबादच्या यंत्रावर बसवायचा होता, म्हणून तो बसनं सहा वेळा तिकडे गेला. दादा हिंदीत समजवायचा, तिथले साहेब इंग्रजीत नाही म्हणायचे. सहाव्या खेपेला साहेब कंटाळून हो म्हणाले.

प्रोग्राम चालला. तीन दिवसांचं काम दोन मिनिटांवर आलं. पण दादाला ती एक ओळसुद्धा जड वाटायची. "नाव बापाले मालूम हाय, गाव मालूम हाय. मंग आणाचं कायले?" तो ओळीतलं एकच अक्षर आणू लागला. इंग्रजी पी आला तर पास, एफ आला तर नापास. दोन वर्षं लोक आले, अक्षर ऐकलं आणि पुढच्या बसनं घरी गेले. व्हरांडा ओस पडला. चहावाला तेवढा नाराज होता.

तिसऱ्या वर्षी निकालाच्या सकाळी पहिला आला तो तामसीकडचाच एक शेतकरी, मुलीचा नंबर घेऊन. अक्षर आलं एफ. दादा म्हणाला, "या खेपेले राह्यली, भाऊ." तो माणूस "बरं" म्हणाला, खांद्यावरचा रुमाल नीट केला आणि गेला. दुसरा बाप मुलाचा नंबर घेऊन आला. अक्षर आलं एम. एम असा काही निकालच नव्हता. दादा पडद्याकडे बघत राहिला, मग त्यानं त्या मुलाची पूर्ण ओळ मागवली. त्या वर्षी फाइलमध्ये एक नवा रकाना घातला होता: मुलगा असला तर एम, मुलगी असली तर एफ. तो नेमका निकालाच्या जागी आला होता आणि निकाल एक घर पुढे, पूर्वी रिकाम्या सोडलेल्या घरात सरकला होता; ओळीची लांबी तीच होती. दादानं त्या मुलीचं पुढचं घर मागवलं. तिथे पी होता. तेवढं वाचून तो फाटकाकडे धावला. बस गेली होती.

पुढच्या बसनं तो मलाही घेऊन गेला. गावात पोचलो तर त्या शेतकऱ्याच्या अंगणात पाहुणे बसलेले आणि ताटलीत साखर. मुलगी पास झाली तर पुढे शिकवायची, नाही तर गुडीहत्नूरचं स्थळ पक्कं करायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं. आदिलाबादच्या बसस्टँडवरच बापाला त्या स्थळातल्या मुलाचे काका भेटले. त्यानं तिथंच शब्द दिला आणि त्यांना सोबत घेऊन घरी आला.

"भाऊ, माहं चुकलं," दादा उभ्याउभ्याच म्हणाला. "पोरगी पास हाय."

बापानं आधी आम्हा दोघांना बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाला, "तुमी इतक्या दूर आले, लय झालं. पण आता शब्द देल्ला, साहेब."

दादानं तासभर विनवण्या केल्या. मुलाचे काका भले माणूस होते. ते म्हणाले, "आमी का तिले शिकू नाई देनार?" पण लग्नाआधी असं म्हणतात आणि पुढे काय होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आम्ही उठलो तेव्हा मुलगी दाराशी आली. "गणितात किती मार्क हायेत, साहेब?"

दादानं मान खाली घातली. "ते मी आणलं नाई, माय."

"बरं," ती म्हणाली, अगदी बापासारखी.

चार दिवसांनी छापील निकाल आला, तेव्हा दादा पुन्हा त्या गावी गेला आणि विषयवार सगळे मार्क तिच्या हातात देऊन आला. गणितात ती साऱ्या तालुक्यात वरच्या मुलांत होती. पेरणीच्या आधी तिचं लग्न झालं.

दादानं चूक आपल्या नावावर लिहून दिली. साहेबांनी त्याला कम्प्युटरवरून काढून जावक विभागात बसवलं. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर होतो आणि गप्प होतो. नवा रकाना येणार असल्याचं परिपत्रक हैदराबादहून आठ दिवस आधीच आलं होतं. ते मीच घेतलं होतं, चहाच्या वेळी दादाला देऊ म्हणून फायलींच्या खाली ठेवलं आणि विसरलो. हे त्याला सांगायला मला दोन वर्षं लागली.

त्यानं चहाचा गिलास खाली ठेवला. "तिले सांगतलं का?"

"नाई."

"मंग मले सांगून काय फायदा? माहं तं मी तिले सांगून आलो."

त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. माझ्याशी पहिल्यासारखाच वागला, माझ्या मुलाच्या लग्नात पंगती वाढल्या. रागावला असता तर बरं झालं असतं.

दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वहिनी निर्मलला मुलीकडे असतात, त्यांना भेटायला मी जातो. वाटेत गुडीहत्नूरला बस थांबते. त्या मुलीचं सासरचं घर कुठल्या गल्लीत आहे ते मी विचारून ठेवलं आहे. एकदा बसच्या दारापर्यंत आलोही होतो. कंडक्टरनं विचारलं, "उतरना है क्या?" मी नाही म्हणालो आणि परत जागेवर येऊन बसलो.