विहिरीतला ठोका आणि माझा उजवा पाय

चहा ओतून घ्या आधी. ही फजिती सांगताना मी मध्येच थांबलो, तर पुन्हा सुरू करण्याचा धीर मला व्हायचा नाही.

तुम्ही मला ओळखता. उभी हयात लोकदैवतांच्या कथा गोळा करण्यात गेली. शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरात माणसांपेक्षा ध्वनिफिती जास्त आहेत. अमक्या ओढ्यात भूत आहे असे कुणी म्हटले, की मी आधी विचारतो, हे कोणत्या बाईने सांगितले आणि तिला कुणी सांगितले? भुताची पाळी त्यानंतर. असा माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर पाठीला हवेच्या दोन टाक्या बांधून विहिरीत का उतरला, हा तुमच्या मनात आलेला प्रश्न रास्त आहे.

उजनीच्या पाण्याखाली एक जुनी बारव आहे. धरण झाले तेव्हा ती गावासकट बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरते, गावाच्या भिंती उघड्या पडतात, पण बारव काही वर येत नाही. तिच्या तळाशी, दगडी छताच्या ओवरीत, साती आसरांची शिळा आहे असे त्या गावातून उठून आलेले लोक सांगतात. पाण्यातल्या त्या सात बहिणींवर मी इतके लिहिले आहे, की त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटणे हे सौजन्यच ठरले असते.

तिथे साधे डायव्हिंग चालत नाही. डोक्यावर छत असले, की घाबरलेल्या माणसाला सरळ वर येता येत नाही. त्यासाठी टेक्निकल डायव्हिंग शिकावे लागते, आणि त्याचा पाया ऐकायला अगदी साधा आहे. पाण्यात आडवे आणि स्थिर राहायचे. वर जायचे नाही, खाली जायचे नाही. पाय बेडकासारखे मारायचे, म्हणजे गाळ उठत नाही. दिसेनासे झालेच, तर आधी बांधून ठेवलेली दोरी चिमटीत धरून परत यायचे.

शिकवणारा नागेश अक्कलकोटचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. बरीच वर्षे समुद्रात कामे करून गावी परतलेला, कमी बोलणारा माणूस.

"सर, आडवं राहा री," तो मला पुन्हा पुन्हा सांगे. "उभं राहून शिकवायचं ते कॉलेजात."

सराव चाले तो दत्तोबाच्या विहिरीत. बॅकवॉटरच्या काठाला त्याची केळीची बाग आहे, आणि बागेत एक जुनी, काळ्या दगडाची, प्रचंड खोल विहीर. मोटारीच्या पाइपच्या तोंडाचा, गाळात रुतलेला फूटव्हॉल्व्ह नागेशने मोकळा करून द्यायचा, या बोलीवर त्याने ती आम्हाला वापरायला दिली होती. दत्तोबा स्वतःला आधुनिक समजतो. "आसरा बिसरा काय न्हाय सर. मोटारी बसल्या तवाच पळाल्या त्या."

आता त्या दिवसाकडे येतो. तो परीक्षेचा दिवस होता. मास्कच्या काचेवर काळी पट्टी लावून दोरीने तळापर्यंत जायचे आणि आडवे राहून परत यायचे. नागेशने स्पष्ट सांगितले होते, "आज जमलं तर पुढच्या आठवड्यात बारव. नाही जमलं तर पावसाचं गढूळ पाणी येतंय. मग दिवाळीनंतरच."

सकाळी मी कपडे बदलत असताना दत्तोबाच्या आईने, गोदामावशीने, मला गोठ्यामागे बोलावले. पदराखालून एक नारळ काढला. हळदीकुंकवाने माखलेला, शेंडी राखलेला, चांगला जुना.

"सर, तुमी आसरापातूर जाणार नव्हं?"

"जमलं तर, मावशी."

"दत्तूच्या येळंला म्या त्या बारवंत नवस बोलल्याली. प्वोर झालं, आन् वटी भरायच्या आदीच गावात पाणी आलं. तवाधरनं ऱ्हायलंय. ह्यो वरीसभर देव्हाऱ्यात ठिवलाय, येवडा तिच्या फुडं ठिवा."

"दत्तोबाला सांगितलंत?"

"त्याला कळू दिऊ नगा. म्हणंल, म्हातारीला याड लागलं." मग माझ्या हातावर नारळ ठेवत ती म्हणाली, "आन् दिवाळीनंतर म्हनू नगा. दिवाळीला म्या आसंन का नसंन."

मी शब्द दिला. आणि इथे माझ्या शास्त्रीय बुद्धीने घात केला. नारळ बारवेत न्यायचाच आहे, तर आजच्या सरावात तो बरोबर असावा, हा विचार तुम्हाला तर्कशुद्ध वाटत नाही का? मला वाटला. मी नारळ उजव्या मांडीवरच्या खिशात कोंबला आणि वरून झाकण बंद केले.

"खिशात काय आहे, सर?" नागेशने विचारले.

"जादा मास्क," मी म्हणालो. जीपमध्ये येता येता मी त्याला तासभर समजावले होते, की आसरा म्हणजे मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवण्याची समाजाने केलेली एक सोय आहे. त्यानंतर खिशातून कुंकू लावलेला नारळ काढून दाखवणे मला प्रशस्त वाटले नाही.

आधी पट्टीशिवाय एक फेरी करायची होती. आम्ही उतरलो.

विहिरीचे पाणी वर हिरवे असते. थोडे खाली गेले की तपकिरी, आणि मग रंगच राहत नाही. मान वळवून पाहिले तर विहिरीचे तोंड ताटलीएवढे दिसत होते. दिव्याच्या झोतात चिरेबंदी भिंत, फटीतून आलेली वडाची मुळे, आणि मुळांना अडकलेली कुणाची तरी जुनी बांगडी. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. आत घेताना शिट्टी, सोडताना बुडबुडे.

मी पाय मारला. मागे कुठेतरी आवाज झाला. टक्.

पाण्याखाली आवाजाला दिशा नसते. तो मागून येतो, पुढून येतो, कवटीच्या आतूनही येतो. टाकीवर ठोका देणे ही 'माझ्याकडे बघ' अशी खूण आहे, म्हणून मी नागेशकडे वळलो. तो माझ्याकडेच बघत होता. त्याने दिव्याने गोल काढला, म्हणजे 'ठीक ना?' मीही गोल काढला. पुन्हा पाय मारला. टक्. पुन्हा त्याचा गोल, पुन्हा माझा.

त्यातच माझा उजवा पाय वर जाऊ लागला. मी त्याला काहीही सांगितले नव्हते. डावा शिस्तीत आडवा, आणि उजवा मात्र कुणी टाच धरून उचलावी तसा सावकाश वर. मी तो खाली आणला. तो पुन्हा निघाला.

आम्ही वर आलो, कपारीला धरून तोंडातल्या नळ्या काढल्या.

"सर, सारखं टाकी का वाजवताय? त्रास होतोय का?"

"मी कुठे? तू वाजवत होतास. आणि माझ्या उजव्या पायाला काय झालंय?"

नागेश पाण्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एन्री इदु... काय हो हे? मी तर हातच लावला नाही."

काठावरून दत्तोबा वाकला. "काय झालं?"

आता सांगा, शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावे? गप्प बसावे. मी मात्र अभ्यासक. मी त्यांना सांगितले, की या पट्ट्यातल्या कथांमध्ये जलदेवता नावाने हाक मारत नाही, ती खूण करते. कुठे काकणे वाजवते, कुठे दगडावर दगड आपटते, आणि ज्याला तो आवाज ऐकू येतो, त्याच्याकडे तिचे काही देणे राहिलेले असते. हे मी निव्वळ माहिती म्हणून सांगितले. ओला, थरथरत आणि विहिरीतून.

दत्तोबाचा चेहरा उतरला. "आन् पायाचं काय म्हणत हुता?"

"उजवा पाय कुणीतरी वर ओढल्यासारखा वाटतो. परंतु हे सुसंगत नाही. माझ्या संग्रहातल्या प्रत्येक कथेत पाय खाली ओढला जातो. वर ओढल्याचा एकही पाठ नाही."

"मंजी नवीनच हाय की," दत्तोबा म्हणाला आणि काठापासून मागे सरकला. "सर, लई झालं. माज्या हिरीत आता कोन उतरायचं न्हाय."

काठावर, केळीच्या सावलीत गोदामावशी बसली होती. ती माझ्याकडे नुसती बघत होती. दिवाळी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली.

"दत्तोबा, एकच फेरी," मी म्हणालो. "परीक्षेपुरती."

"एकच," नागेशनेही शब्द टाकला. दत्तोबाने नाइलाजाने मान हलवली. पायाचा दोष नागेशने आपल्या परीने दूर केला: माझ्या उजव्या घोट्याला शिशाचा तुकडा बांधला. मग माझ्या मास्कवर काळी पट्टी चिकटवली.

त्या अंधाराचे वर्णन मी करणार नाही. डोळे मिटल्यावरचा अंधार आपला असतो. हा तसा नव्हता. चिमटीत दोरी, दोरीवर शेवाळ, पाणी खाली खाली गार होत जाणारे. मी पाय मारला. टक्. मी थांबलो, तर तोही थांबला. मी निघालो आणि तो माझ्या मागे निघाला. चालणाऱ्याबरोबर चालणारा आणि थांबणाऱ्याबरोबर थांबणारा सोबती लोककथांत सर्वत्र आढळतो. मी त्यावर एक प्रदीर्घ लेख लिहिला आहे. तो लिहिताना मला पाण्यात घाम फुटला नव्हता.

टक्. टक्. आता तो मांडीपाशी होता.

मी दोरी घट्ट धरली आणि निश्चल झालो. आणि मग कुणीतरी माझी उजवी मांडी धरली.

शिकवल्याप्रमाणे स्पर्शाची खूण ओळखून मी तिला उत्तर द्यायला हवे होते. त्याऐवजी तोंडात नळी असतानाच मी बोललो. अगदी प्रमाण मराठीत. "मी केवळ अभ्यासक आहे," असे. बाहेर गेले ते बुडबुडे.

मांडीवरचा हात चाचपडला. खिशाचे झाकण उघडले. काहीतरी सणकन माझ्या कानाजवळून वर गेले, आणि पुढच्याच क्षणी शिसे बांधलेला माझा उजवा पाय खाली निघाला. सरळ खाली, गाळात, गुडघ्यापर्यंत. आता तो माझ्या संग्रहातल्या सर्व पाठांशी सुसंगत होता.

नागेशने मला बगलेत धरून वर आणले आणि पट्टी काढली. त्याच्या चेहऱ्यावर भीती उरली नव्हती. राग होता, तोही आडवा आणि स्थिर.

"जादा मास्क," तो म्हणाला.

तेव्हा मला उलगडा झाला. वर्षभर देव्हाऱ्यात राहिलेला नारळ. आतले पाणी आटलेले, खोबरे सुटून गोटा झालेले. मी पाय मारला की गोटा करवंटीवर आदळत होता. आणि नारळ पाण्यावर तरंगतो हे मला ठाऊक नव्हते का? नदीत सोडलेल्या नारळांचा प्रवास हा माझ्या एका आख्ख्या प्रकरणाचा विषय आहे.

पण विहिरीच्या काठावर ही चर्चा ऐकायला कुणी मोकळे नव्हते. दत्तोबाने डोळ्यांनी पाहिले होते: काळ्या पाण्यातून, कुणी न टाकता, हळदीकुंकवाचा नारळ आपण होऊन वर आला. आधुनिक दत्तोबा पायातली चप्पल काढून हात जोडून उभा होता. आम्ही पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्याने बादलीने तो काढून दगडावर फोडलाही होता.

"घ्या सर, परसाद. आसरानं धाडलाय. तुमी म्हनला तसंच झालं, देनं ऱ्हायलं हुतं."

खोबरे किंचित खवट होते. गोदामावशीच्या हातातही एक तुकडा होता. आपल्या नवसाचा नारळ ती शांतपणे चावत होती.

मला राहवेना. मावशीचे नाव न घेता जेवढे सांगता येईल तेवढे सांगावे, म्हणून मी म्हणालो, "दत्तोबा, आसरांनी काही पाठवलेले नाही. नारळ माझ्या खिशात होता."

दत्तोबा हसला. समजूतदार माणूस हसतो तसा. "सर, भ्याला तुमी, म्हनून बोलताय. तुमच्यावानी येवडा शिकल्याला मानूस नारळ खिशात घालून पान्यात कशाला उतरंल?"

"त्येच की," गोदामावशी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "येडा हाय का त्यो?"

नागेशने मला पास केले नाही. जीपपाशी टाक्या चढवता चढवता तो म्हणाला, "पाय सुधारता येतो, सर. पण पाण्यात उतरताना खोटं बोलणाऱ्याला छताखाली नेता येत नाही." हे त्याने इतक्या आदराने सांगितले, की मला आभार मानावे लागले. मग मी त्याला गोठ्यामागची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकून परत गेला आणि मावशीशी काही बोलून आला.

पुढच्या आठवड्यात बारवेवर दत्तोबाची होडी गेली. मावशी बुडालेले गाव बघायला म्हणून आली होती. मी कोरड्या कपड्यात तिच्या शेजारी बसलो होतो, तिच्याच सांगण्यावरून. नवा नारळ तिने नागेशकडे दिला होता, आणि नागेशने त्याला चांगले वजनदार शिसे बांधून जाळीच्या पिशवीत घातले होते. दत्तोबाला सांगितले, की ते खोली मोजायचे सामान आहे.

नागेश खाली गेला. बुडबुडे बराच वेळ येत राहिले, मग ओवरीच्या छताखाली गेल्यावर तेही थांबले. पाणी सपाट झाले. दत्तोबाची पाठ आमच्याकडे होती. मावशी माझ्याकडे झुकली आणि कुजबुजली,

"बघत ऱ्हावा, सर. नारळ वर आला तर त्यो तुमचा."